प्रयोगशाळेतला किरणोत्सार आणि ॲक्रिलिकचा पडदा

रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ हे किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याचे काम ज्या टेबलावर चालते, तिथे सर्वात आधी नजरेत भरतो तो सेंटीमीटरभर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पडदा. किरणोत्सार म्हटला की शिसे, हे समीकरण मनात पक्के करून आलेल्या विद्यार्थ्याला हा आडोसा तकलादू वाटतो. प्रत्यक्षात या समस्थानिकासाठी (म्हणजे मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूसाठी) तोच योग्य आहे. फॉस्फरस-३२ मधून निघणाऱ्या बीटा कणांची, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांची, ऊर्जा १.७१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत असते. हवेत ते काही मीटर जातात, पण ॲक्रिलिकमध्ये सेंटीमीटरच्या आतच थांबतात. हेच कण थेट शिशावर आदळले, तर ते एकाएकी मंदावताना क्ष-किरण निर्माण होतात आणि अडवणाऱ्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक जितका मोठा, तितके त्यांचे प्रमाण अधिक. म्हणून आधी ॲक्रिलिक आणि गरज पडलीच तर त्याच्या बाहेरून शिसे, असा क्रम पाळला जातो.

पडद्याआड चेहरा आणि छाती सुरक्षित राहते. हात मात्र पुढेच असतात. इवलीशी कुपी चिमटीत धरली, की स्रोत आणि कातडी यांच्यात अंतर म्हणून काही उरत नाही. छोट्या स्रोतापासूनचे अंतर दहापट वाढवले, तर मात्रा, म्हणजे शरीराला मिळणारा किरणोत्सार, साधारणपणे शंभरपट घटते. म्हणजे साध्या लांब चिमट्याने जे साधते, ते महागड्या उपकरणानेही साधेलच असे नाही. काम नवे असेल, तर तेच टप्पे आधी नुसत्या रंगीत पाण्यावर करून पाहण्याची पद्धत आहे. हात बसला की वेळ वाचतो, आणि वाचलेला प्रत्येक मिनिट म्हणजे कमी झालेली मात्राच.

मात्रा मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावला की आपण सुरक्षित, हा गैरसमज मला अधिक काळजीचा वाटतो. आपल्याकडच्या या बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणोत्साराची ऊर्जा त्या साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात. त्या प्रकाशावरून मात्रा काढली जाते. बॅज म्हणजे हिशेबाची वही आहे, ढाल नव्हे. शिवाय ही वही सगळेच टिपते असे नाही. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ते कातडीचा मृत थरही ओलांडत नाहीत, मग बॅजच्या आवरणातून आत कुठून जाणार? किरणोत्सार मोजणारा नेहमीचा गायगर काउंटरही त्यांच्यापुढे मुका राहतो. पण ट्रिटियमयुक्त पाणी श्वासातून, तोंडावाटे किंवा कातडीतून शरीरात शिरले, तर हेच दुबळे कण आतून मारा करतात. त्यामुळे टेबल, पिपेट, फ्रीजची मूठ अशा जागा गाळणकागदाच्या तुकड्याने पुसून तो तुकडा द्रव प्रस्फुरण गणकात (कणांमुळे द्रवात उमटणारे प्रकाशाचे ठिपके मोजणाऱ्या यंत्रात) मोजावा लागतो. आयोडीन-१२५ ची तऱ्हा आणखी निराळी: ते थायरॉइड ग्रंथीत साठते, म्हणून त्याचे काम हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचे.

भारतात या सगळ्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. किरणोत्सारी काम करणाऱ्या व्यक्तीला सलग पाच वर्षांत एकूण १०० मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचे एकक), म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. गर्भवती कर्मचाऱ्याने तसे लगेच कळवायचे असते, कारण पोटातल्या बाळाची गणना नागरिकांत होते.

काम संपले तरी स्रोत संपत नाही, हे २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात दिसले. दिल्ली विद्यापीठाचे १९८५ पासून पडून असलेले कोबाल्ट-६० चे विकिरण यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले, ते तिथे फोडले गेले आणि एका कामगाराचा बळी गेला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य (क्रियाशीलता निम्मी होण्याचा काळ) ५.२७ वर्षे, म्हणजे पंचवीस वर्षांत त्याची क्रियाशीलता सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती, आणि तेवढीही पुरेशी ठरली.

फॉस्फरस-३२ त्या मानाने अल्पकाळचा पाहुणा म्हणायचा. अर्धायुष्य १४.३ दिवस असल्याने दहा अर्धायुष्यांत, म्हणजे पाचेक महिन्यांत, त्याचा हजारावा भाग उरतो. त्याचा कचरा म्हणूनच समस्थानिक आणि तारीख लिहिलेल्या झाकणबंद डब्यात ठेवून देतात. मुदत भरल्यावर काउंटर डब्याजवळ धरतात. आकडा खोलीतल्या नेहमीच्या पार्श्वभूमीइतकाच आला, की डब्यावरचे किरणोत्साराचे त्रिपर्णी चिन्ह काळ्या शाईने खोडतात, नोंदवहीत सही करतात आणि मगच तो कचरा इतर कचऱ्यात जातो.