प्रेमात पडलेला शेंगदाणा

समजा, कादंबरीत एक मुंजा सात रस्त्याला रिक्षावाल्याशी हुज्जत घालतोय. पिंपळ रस्तारुंदीत गेला, बिऱ्हाड कंबर तलावाकडे न्यायचंय, आणि रिक्षावाला म्हणतो, “दिसत नसला तरी सीटचे पैसे पडतात बे.” सोलापूरचा वाचक फिस्सकन हसतो. मुंजा खरा का खोटा, हा वाद त्याच्या डोक्यात उठतच नाही.

तो का उठत नाही, याचा एक धागा १९८० सालच्या प्रयोगात सापडतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली. गरम पावावर कुणी लोण्याऐवजी मोजे फासले, की तो शब्द वाचल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक उसळी दिसे. तिचं नाव एन४००. शब्द जितका अनपेक्षित, तितकी ती मोठी.

२००६ साली नेदरलँड्समध्ये मांटे न्यूलंड आणि योस फान बेर्कुम यांनी याच उसळीला गोष्टीत गाठलं. गोष्ट एका नाचऱ्या, हसऱ्या शेंगदाण्याची. त्याला नुकतीच एक मुलगी भेटलेली. आता शेंगदाणे खारे असतात, प्रेमात पडत नाहीत. म्हणजे ‘प्रेमात’ला उसळी मोठी यायला हवी. झालं उलटंच! ‘प्रेमात’ सहज पचलं आणि ‘खारा’ खटकला. दाण्याबद्दलचं जन्माचं ज्ञान काही वाक्यांत मागे सरलं. उखळात कुटलेली शेंगाचटणी रोज ताटात घेणारे आपण तरी वेगळे कशाला निघू? (एन४०० अर्थ लागण्याची खूण आहे, मजा आल्याची नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.)

लेखक जेवढं बदललं म्हणतो तेवढंच बदललं, बाकी जग आपलंच, असं वाचक धरून चालतो. साहित्याच्या अभ्यासक मारी-लॉर रायन यांनी हेही १९८० सालीच मांडलं होतं. म्हणून ओळखीच्या शहरात लेखकाचं काम हलकं होतं. मुंजा सांगावा लागतो. मे महिन्याचं ऊन, यंत्रमागांची खडखड, गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी वाचक घरून आणतो.

राहिलं हसू. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना घेऊन बाजारात, रस्त्यावर लोकांच्या हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले. त्यांतल्या २० टक्क्यांहूनही कमी वेळा आधीचं बोलणं विनोदाच्या जवळपास जाणारं होतं. बाकी सगळं ‘बरं, निघतो मी’ छापाचं. हसू माणसामुळे येतं, वाक्यामुळे क्वचित. विनोदी कादंबऱ्या इथेच आपटतात, असं माझं मत: पानोपानी कोट्या, आणि माणूस कुठेच नाही. मुंजा कवडीचुंबक आहे हे एकदा ठसलं, की त्याने ‘सुट्टे नाहीत’ एवढं म्हटलं तरी भागतं.

प्रोव्हाइननी विद्यार्थ्यांकडून हसण्याच्या रोजनिश्याही लिहवून घेतल्या. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट जास्त हसतो, असं त्यांतून निघालं. टीव्ही, रेडिओ किंवा पुस्तक समोर असतानाचं हसू मात्र त्यांनी एकट्याच्या खात्यात मांडलं नाही. त्यांच्या लेखी ती उसनी का होईना, सोबतच होती.