शंभर टक्के हजेरी आणि नर्सिंगचा ताण : पार्श्वभूमी

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. पुण्यातल्या महाविद्यालयांत त्यासाठी एक विषय पुन्हापुन्हा निवडला जातो : विद्यार्थ्यांवरचा ताण आणि तो झेलण्याच्या त्यांच्या पद्धती. प्रश्नावली बहुधा 10 प्रश्नांची, 0 ते 40 गुणांची. तिचं मूळ रूप 1983 साली अमेरिकेत तयार झालं, तेही सर्वसामान्य लोकांसाठी. खास नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेली 29 विधानांची प्रश्नावली 2002 च्या सुमारास तैवानमधून आली. रुग्णसेवा, शिक्षक आणि वॉर्डातले कर्मचारी, असाइनमेंट, सोबतचे विद्यार्थी, अपुरं ज्ञान, वॉर्डाचं वातावरण अशी ताणाची सहा उगमस्थानं ती धरते. या दोन्हींतून ताण किती आणि कुठून येतो एवढं कळतं. हा ताण देणारी नर्सिंग शिक्षणाची व्यवस्था अशी का घडली, हे इतिहासातच शोधावं लागतं.

पुण्यापुरता तो थोडक्यात असा. 1909 साली सुरू झालेल्या एका स्त्रीसंस्थेने विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या मुलींपुढे अभ्यासाइतकीच मोठी अडचण होती ती घरच्यांच्या आणि समाजाच्या नजरेची. देशात पदवी अभ्यासक्रम 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाला. त्याच वर्षी आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीने 43,000 लोकांमागे एक नर्स असल्याचं नोंदवलं. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 1964 साली नर्सिंगची पदवी सुरू झाली.

43,000 हा आकडा महत्त्वाचा आहे. हात इतके कमी असताना वॉर्डात येणारी विद्यार्थिनी मनुष्यबळात धरली जाणारच. बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी आणि श्वास मोजणं), ड्रेसिंग यांतून ती शिकते हे खरं. पण तिच्या शिकण्यावर वॉर्डही चालतो. इंग्लंडमध्येही हेच होतं. लंडनच्या एका रुग्णालयावरचा 1960 च्या सुमाराचा एक अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. तिथे नर्सिंगचं काम प्रामुख्याने विद्यार्थिनींच्याच खांद्यावर होतं. त्यांना एका रुग्णाजवळ फार काळ थांबू न देता ठरावीक कामं वाटून दिली जात आणि वॉर्ड सतत बदलले जात. दुःख, मृत्यू, किळस यांच्यापासून बचाव म्हणून रुजलेल्या या रीतींनी मनातली भीती कमी होत नाही, उलट विद्यार्थिनींना कामातलं समाधानही मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडच्या ताणाच्या चर्चेत हा मुद्दा फारसा येत नाही. तो यायला हवा.

वादाचा खरा विषय आहे हजेरीचा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी पुरते, पण पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येक प्रॅक्टिकल विषयात 100 टक्के भरावी लागते. या नियमाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही : इंजेक्शन वाचून शिकता येत नाही, आणि अर्धवट शिकलेली नर्स रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पण तापाने दोन दिवस हॉस्टेलवर पडून राहिलेल्या मुलीला त्या ड्युट्या पुढे कधीतरी, बहुतेक वेळा सुट्टीतच, भरून काढाव्या लागतात. परभणी किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलीची घरी जायची सुट्टी तीच असते. शाळा मराठीतून झालेली, पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डात रुग्णाशी बोलायचं मराठीत आणि केस प्रेझेंटेशन पुन्हा इंग्रजीत. अशा वेळी ताण कसा हाताळता असं विचारलं की उत्तर येतं : मैत्रिणींशी बोलते, देवाचं नाव घेते, झोपते. ताण झेलण्याच्या पद्धती मोजणाऱ्या प्रश्नावलीत यातली काही उत्तरं ‘टाळाटाळ’ या सदरात जाऊ शकतात. मला ते अन्यायाचं वाटतं. रजा मागायची सोयच नसेल तर झोप हा शहाणपणाचा उपाय आहे.

2021 मध्ये देशभरासाठी या अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर झाला. वार्षिक परीक्षा गेल्या, आठ सत्रं आली. प्रत्येक सत्रात 20 आठवडे, आठवड्याला 40 तास. शेवटचं सत्र इंटर्नशिपचं : 22 आठवडे, आठवड्याला 48 तास, एकूण 1056 तास. अभ्यास लहान तुकड्यांत विभागला गेला हा फायदा आहे, पण परीक्षेची धास्ती वर्षातून दोनदा आली. 100 टक्क्यांचा नियम मात्र तसाच राहिला.

मधल्या काळात कोविड आला. आधी विद्यार्थ्यांना वॉर्डात जाणंच थांबवलं गेलं. मग मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, शेवटच्या परीक्षेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना कोविड ड्युटी देता येईल असा केंद्राचा निर्णय झाला. 100 दिवस काम करणाऱ्यांना पुढे सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचंही ठरलं. विद्यार्थी की कर्मचारी, हा जुना प्रश्न त्या वेळी उघडपणे कर्मचारी या बाजूने सुटला.

नव्या आराखड्यात पूर्ण शिकलेल्या पहिल्या तुकड्या आत्ता कुठे बाहेर पडत आहेत. त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : वॉर्डात त्या दिवशी किती रुग्णांमागे किती नेमलेल्या सिस्टर होत्या, आणि चुकलेली ड्युटी कोणत्या सुट्टीत भरून काढली.