कोटाचा खिसा आणि ठासणीचा दांडा : छोट्या रिव्हॉल्व्हरच्या नळीची लांबी कशी ठरली

उत्तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या गावात आजही एकोणिसाव्या शतकातल्या टोपीच्या, म्हणजे तांब्याच्या टोपीने बार उडणाऱ्या, रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती तयार होतात. त्यातली खिशात मावणारी, 0.31 इंची गोळीची छोटी रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला नळी किती इंची घ्यायची, हे ठरवावं लागतं. हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे. गोळी किती लांब जाते यापेक्षा शस्त्र कुठे ठेवायचं आणि ते कसं भरायचं, यावरच त्याचं उत्तर तेव्हा अवलंबून होतं, असं मला वाटतं.

ठासणीची बंदूक कोकणात अनेकांनी पाहिलेली असते. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी दारूपर्यंत जाते. सॅम्युअल कोल्टने हीच रीत फिरत्या सिलिंडरला लावली आणि 25 फेब्रुवारी 1836 रोजी अमेरिकेत पेटंट मिळवलं. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी त्याने कारखाना काढला. तिथे खिशात मावणारी छोटी रिव्हॉल्व्हरही बनत होती, पण 1842 मध्ये तो कारखाना बुडाला.

कोल्टला पुन्हा उभं केलं ते अमेरिका-मेक्सिको युद्धाने. सॅम्युअल वॉकर या अधिकाऱ्याच्या सूचनांवरून 1847 मध्ये जे रिव्हॉल्व्हर घडलं, त्याची नळी 9 इंची होती आणि वजन दोन किलोंच्या वर. ते माणसाने अंगावर वागवायचं शस्त्रच नव्हतं. घोड्याच्या खोगिरावरच्या म्यानात त्याची जागा होती. घोडा वजन पेलणार म्हटल्यावर नळी हवी तेवढी लांब ठेवता आली. पण शहरातल्या व्यापाऱ्याकडे किंवा बोटीने प्रवास करणाऱ्याकडे खोगीर कुठून असणार? त्याच्याकडे कोट होता आणि कोटाला खिसा.

म्हणून कोल्टने लगेच त्याच घडणीची धाकटी आवृत्ती काढली. संग्राहक तिला ‘बेबी ड्रॅगून’ म्हणतात. पाच गोळ्यांचं हे शस्त्र 3, 4, 5 आणि 6 इंची नळ्यांत मिळायचं. बहुतेकांना नळीखाली ठासणीचा दांडा नव्हता. भरायचं झालं की नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढायची, नळी पुढे ओढून वेगळी करायची, सिलिंडर हातात घ्यायचं आणि ज्या कण्यावर ते फिरतं त्याच्या टोकाने गोळी दाबून बसवायची. घरी टेबलापाशी बसून हे जमतं. अंधाऱ्या रस्त्यावर सुटे भाग हातात घेऊन उभं राहायची वेळ आली, तर पाच गोळ्यांनंतर शस्त्र संपलंच म्हणायचं.

ही उणीव भरून काढली 1849 च्या ‘पॉकेट’ने. नळीखाली बिजागरीचा दांडा आला. तो खाली ओढला की आतला ठोकळा गोळी सिलिंडरच्या घरात ढकलतो. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. आत जाताना तिच्या कडेचं शिसं तासलं जाऊन कडं निघतं आणि ती घट्ट बसते. याला जोर लागतो. दांड्याचं टोक नळीच्या तोंडाजवळ अडकवायचं असतं, त्यामुळे नळी आखूड तर दांडाही आखूड, आणि दांडा आखूड तर तरफ कमजोर. नळीच्या लांबीचा विचार करताना ही गोष्ट हमखास निसटते, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. 3 इंची, दांडा नसलेली जी जात पुढे ‘वेल्स फार्गो’ म्हणून ओळखली गेली, तिच्या मालकाने खिशासाठी ठासणीची सोय सोडून दिलेली होती. हे नावही नंतर संग्राहकांनी दिलेलं आहे.

4 इंची नळीचं शस्त्र एकूण साडेनऊ इंचांच्या आसपास भरतं आणि वजन पाऊण किलोच्या आतच राहतं. कोटाच्या आतल्या खिशात ते बसतं. 6 इंची मात्र पट्ट्यालाच लावावं लागतं. मग लांब नळीचा फायदा काय? या रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम तीन ग्रॅमची, आणि सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून थोडा वायू निसटतोच. नळी लांबली की वेग वाढतो, पण इतक्या थोड्या दारूत त्या वाढीने शस्त्राचा स्वभाव बदलत नाही. खरा लाभ नेमाला होतो. मागची खाच घोड्याच्या माथ्यावर असते आणि पुढचा मणी नळीच्या टोकाशी. त्या दोघांतलं अंतर वाढलं की हाताची चूक लवकर दिसते.

कॅलिफोर्नियात 1848 च्या जानेवारीत सोनं सापडलं आणि या छोट्या शस्त्राला गिऱ्हाईक मिळालं. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कोल्टच्या कारखान्यात 1873 पर्यंत ‘पॉकेट’ जातीची तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर बनली. टोपीच्या काळातलं कोल्टचं दुसरं कुठलंही मॉडेल एवढं खपलं नाही. लंडनमध्ये थेम्सकाठी कोल्टचा कारखाना 1853 ते 1856 एवढाच चालला, तिथेही सुमारे अकरा हजार तयार झाली.

मग पोलाद सुधारलं. 1862 च्या ‘पोलीस’ मॉडेलमध्ये त्याच छोट्या सांगाड्यात 0.36 इंची, पाच ग्रॅमची गोळी बसली. नळ्या साडेतीन, साडेचार, साडेपाच आणि साडेसहा इंची. लांब नळ्यांना दांडा होताच. साडेतीन इंची मात्र मोजकीच बनली आणि त्यांना जोडलेला दांडा नव्हता, ठासायला सुटा गज वापरावा लागे.

तोवर स्मिथ अँड वेसनने 1857 मध्येच धातूच्या काडतुसाचं छोटं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. मागून काडतूस घालता येईल अशा आरपार घरांच्या सिलिंडरचं रोलिन व्हाइटचं पेटंट त्यांच्या हाती असल्यामुळे 1869 पर्यंत कोल्टला तो रस्ता बंद होता. पेटंट संपल्यावर कोल्टने उरलेले छोटे सांगाडे काडतुसांसाठी वापरायला काढले. दारू, गोळी आणि टोपी आता एकाच काडतुसात आली होती, ठासायचं काही राहिलं नव्हतं. त्या सांगाड्यांवर कोल्टने ज्या नव्या गोल नळ्या चढवल्या, त्या साडेतीन इंची होत्या आणि त्यांच्याखाली दांडा नव्हता.