जागा धरली की अडवली?

शनिवारी दुपारी भंडारदऱ्याच्या काठावर पोहोचावं, तर गवताच्या सपाट तुकड्यावर चार टेंट उभे आणि माणूस एकही नाही. एका टेंटला खुंट्या ठोकलेल्या, बाकीचे तीन नुसतेच उभे. चेन उघडी, आत ना पथारी ना सॅक. दोन दगडांमध्ये निळी नायलॉनची दोरी ताणलेली. थोडं पलीकडे ताडपत्रीवर एक मुलगा बसलाय. त्याच्या बाजूला पाच सॅक, पाण्याचा कॅन, पातेलं. वरच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही तुकडे सारखेच दिसतात आणि तो म्हणतो, "गेली जागा." पण त्या मुलाने जागा धरलेली आहे आणि टेंटवाल्यांनी ती अडवलेली आहे. हा फरक ओळखता आला तर काठावरची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

गोंधळ होण्याचं कारण आपल्या सवयीत आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हे आपण लहानपणीच शिकतो. लोकलमध्ये पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या मित्रासाठी पिशवी ठेवतो. ठाण्यातून आणि नवी मुंबईतून सुट्टीला निघणारे ग्रुप हीच पद्धत तलावापर्यंत नेतात. गाडीत ती कशीबशी चालते, कारण सीटला माप असतं. रुमालाखाली एकच माणूस मावतो. काठावरच्या जमिनीला असं माप नाही. एक दोरी दहा फूट अडवते, तीच दोरी लांबवली की पन्नास. तिथे 'सरकून घ्या' म्हणणारा कंडक्टरही नसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. हे सगळं जिथे मुक्काम चालतो तिथलं आहे. ठाणं तलावांचं शहर असलं तरी मासुंदा, उपवन, कचराळी हे फिरायचे, बसायचे तलाव आहेत. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे मनाला येईल तिथे रात्रीचा टेंट लावता येत नाही. मोरबे धरण नवी मुंबईचं पिण्याचं पाणी आहे, त्याच्या काठावर मुक्कामाचा विचारच नको. म्हणून ठाण्याचे ग्रुप कसारा-घोटीमार्गे भंडारदऱ्याला जातात आणि पनवेल-खारघरकडचे बरेचसे पवना धरणाच्या काठावर.

आणि तिथली जमीनही मोकळी पडलेली नसते. धरणाचं पाणी दिवाळीनंतर खाली जाऊ लागतं आणि काठावर ओली, मऊ, सपाट जमीन उघडी पडते. टेंटसाठी ती फार चांगली दिसते. तिला गाळपेर जमीन म्हणतात. ती धरणग्रस्तांना हंगामापुरती कसायला दिली जाते आणि तिच्यात हरभरा किंवा गुरांचा चारा पेरलेला असू शकतो. बोटभर उंचीचे कोवळे कोंब ओळीत दिसले की ते गवत नाही, पीक आहे. तिथे जागा धरणंही चूक आणि अडवणंही. दोन ग्रुप एका तुकड्यावरून वाद घालतात तेव्हा त्या तुकड्याचा खरा हक्कदार बहुतेक वेळा गावात असतो. त्यामुळे पहिला प्रश्न त्याला किंवा जवळच्या गुराख्याला विचारायचा: "मामा, इथं टेंट लावला तर चालेल का? सकाळी गुरं पाण्यावर कुठून उतरतात?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. गुरांच्या वाटेवर लावलेल्या टेंटच्या दोऱ्यांत पहाटे म्हैस अडकली, तर टेंट फाटतो आणि म्हशीच्या पायालाही इजा होते.

आता जागा धरणं म्हणजे काय ते पाहू. जागा माणूस धरतो, त्यासाठी तो तिथे हजर लागतो. विचारलं तर उत्तर देणारा, गरज पडली तर सरकणारा, "दोन टेंट अजून मावतील, या" म्हणू शकणारा. सहा जणांच्या ग्रुपमधला एक जण आधी पोहोचला आणि बाकीच्यांची गाडी वाटेत आहे, तर त्याने सहा जणांपुरती जागा राखून ठेवणं पूर्ण योग्य आहे. कसारा घाटात शनिवारी सकाळी गाड्या तुंबतात, मागच्या गाडीला तास-दीड तास उशीर होतो. त्याची शिक्षा कोणाला होऊ नये.

मात्र सहा जणांपुरती म्हणजे किती, हे मोजून ठरवायचं. दोन जणांचा साधा डोम टेंट साधारण ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद असतो. दोऱ्या ताणायला चारही बाजूंना दोन-दोन फूट धरले की ११ बाय ९ होतं. असे तीन टेंट शेजारी शेजारी लावले आणि मधल्या दोऱ्या एकमेकांत ओलांडू दिल्या, तर २५ फूट रुंदी पुरते. त्यांच्यासमोर, वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला, दहा फूट सोडून चूल किंवा गॅस, आणि त्याभोवती बसायला आणखी दहा फूट. म्हणजे झाले साधारण २५ बाय ३०. मोठ्या माणसाच्या चालीने दहा पावलं रुंद आणि बारा पावलं खोल. सहा जणांना एवढंच लागतं. क्रिकेटसाठी, ड्रोनसाठी किंवा 'शेजारी कोणी नको' म्हणून आणखी दहा पावलं घेतली, तर तिथून पुढचं अडवणं आहे, मग माणूस बसलेला असला तरीही. दोन ग्रुपमध्ये वीस पावलं सोडता आली तर उत्तम, गर्दीच्या रात्री आठ-दहा पावलं. त्याहून जवळ आलं की दोन्हीकडच्या दोऱ्यांत रात्री पाय अडकतात.

पाण्याकडची पट्टी मात्र कोणीच धरायची नाही. काठापासून निदान दहा पावलं मोकळी ठेवायची, कारण तिथून गुरं जातात, मासेमारीच्या होड्या ओढल्या जातात आणि सगळ्याच ग्रुपचे लोक पाण्यावर जातात. त्यात स्वतःच्या सुरक्षेचाही भाग आहे. काठावर वाळलेल्या फेसाची, काटक्यांची आणि पानांची एक आडवी रेघ दिसते. पाणी अलीकडे तिथवर आलं होतं, याची ती खूण. टेंट त्या रेघेच्या वर, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तर उंचीने निदान पाच-सहा फूट वर हवा. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. तेव्हापासून त्याचं पाणी घाटघर-रतनवाडीच्या पावसावर चढतं आणि सोडलेल्या पाण्यावर उतरतं. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं आहे म्हणून तिकडे पाऊस नाही असं होत नाही.

जागा धरण्याला वेळेचीही मर्यादा असते. 'आमचे येणार आहेत' एवढं पुरत नाही, कुठपर्यंत आले ते सांगता यायला हवं. काठावर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे निघायच्या आधीच ठरवून ठेवावं: अमुक वाजेपर्यंत दुसरी गाडी आली नाही तर जादा जागा सोडायची. सूर्यास्तापूर्वी एक तास ही चांगली सीमा आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचला. उशिरा आलेल्या दुसऱ्या ग्रुपला उजेडात टेंट लावायला तेवढा तास मिळतो. अंधारात शोधलेली जागा हमखास ओढ्याच्या पात्रात किंवा उतारावर निघते.

अडवणं इथेच सर्वात महाग पडतं. दुपारी बारा वाजता चार रिकामे टेंट उभे करून ग्रुप अमृतेश्वराचं देऊळ आणि सांदण दरी बघायला निघून जातो. संध्याकाळी सातला परततो. मधल्या सात तासांत लहान मुलं घेऊन आलेली तीन कुटुंबं ती सपाट जागा गेलेली बघून खाली ओलीवर उतरलेली असतात. त्यांनी कोणाला विचारायचं? टेंट उत्तर देत नाही. अडवणाऱ्याचंही यात नुकसानच होतं. डोम टेंट जेमतेम अडीच-तीन किलोचा, आत सामान नसलं की पतंगासारखा. दुपारनंतर पाण्यावरून वारा सुटतो. मुरमात खुंटी चार बोटंही धड जात नाही आणि गेली तरी ओढ बसताच सुटते. मग टेंट लोळत पाण्यात जातो, कांबी मोडतात, आणि शेजारच्या ग्रुपने धावत जाऊन तो धरला तर त्यांचंही पाऊल घसरतं. टेंट रिकामा ठेवायचाच असेल तर चारही कोपऱ्यांत आतून डोक्याएवढे दगड हवेत, दोऱ्या खुंटीऐवजी दगडाभोवती बांधलेल्या हव्यात. मुळात तो मुक्कामाला लागायच्या वेळीच लावावा. दिवसभरचं ऊन कापडालाही मानवत नाही.

चपला, चटई, दगडांचं गोल रिंगण, रिकाम्या बाटल्या, दोरी ही सगळी अडवण्याची साधनं. दोरी त्यातली सर्वात वाईट, कारण संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही आणि पळणाऱ्या मुलाच्या नेमकी गळ्याच्या किंवा पोटरीच्या उंचीवर येते.

पण सगळ्यांची गल्लत होते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. माणूस नसलेला प्रत्येक टेंट अडवलेला नसतो. टेंटची चेन बंद आहे, आतून पथारीचा उंचवटा दिसतो, बाहेर भांडी पालथी घातली आहेत, चुलीत राख आहे, दोऱ्या ताणून बसवल्या आहेत. हा राहता टेंट आहे. त्यातली माणसं गावात जेवायला गेली असतील, पाण्यावर किंवा शौचाला गेली असतील. राहतं घर कुलूप लावलं म्हणून रिकामं होत नाही. अशा टेंटला हात लावायचा नाही, त्याच्या दोऱ्यांत आपली दोरी टाकायची नाही. राहत्या टेंटची खूण शोधायला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत. शौचाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगायला हवं: पाण्यापासून निदान २०० फूट, म्हणजे ऐंशी पावलं दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा, आणि नंतर माती लोटायची. कोणाच्याही धरलेल्या जागेच्या मागे तर नाहीच. रात्री उशिरा आलेला ग्रुप टेंटच्या मागची झुडपं मोकळी समजतो आणि सकाळी तिथेच दुसऱ्याचं स्वयंपाकघर निघतं.

उलट प्रकारही होतो. माणूस बसलेला आहे म्हणून सगळं धरलेलंच आहे असं मानून लोक निमूट पुढे जातात. विचारायला संकोच करू नये. "दादा, तुमचे किती जण आहेत?" एवढं पुरे. जागा खरोखर धरलेली असेल तर उत्तरात आकडा येतो: "सहा जण, तीन टेंट. गाडी घोटीपर्यंत आलीये. त्या जांभळीच्या झाडापर्यंत आमचं, पलीकडे तुम्ही खुशाल घ्या." अडवणाऱ्याच्या तोंडी आकडा येत नाही, हात हवेत फिरतो: "हे सगळं आमचंच आहे." तिथे आवाज चढवून उपयोग नसतो. शांतपणे म्हणावं, "आम्ही चार जण, दोन टेंट. या कडेला लावतो, तुमचे आले आणि कमी पडलं तर सरकू." बहुतेक माणसं याला नाही म्हणत नाहीत, कारण यात कोणाला चूक ठरवलेलं नाही. बरोबर काकू किंवा आजी असतील तर हे बोलणं त्यांच्यावर सोपवावं. त्यांनी "बाळा, आम्हाला एवढ्यात बसवतोस का?" म्हटलं की जागा निघते.

समोर फक्त रिकामे टेंट असतील आणि विचारायला कोणीच नसेल, तर ते उचलून बाजूला ठेवायचा मोह टाळावा. आत काय आहे, दोऱ्या कुठे बांधल्या आहेत ते माहीत नसताना हलवलेला टेंट फाटला तर दोष तुमच्याकडे येतो. शेजाऱ्यांना विचारा, जवळच्या चहाच्या टपरीवर विचारा. त्यांना बरोबर माहीत असतं कोण केव्हा गेलं. मग दोऱ्या न ओलांडता मधल्या किंवा कडेच्या मोकळ्या भागात आपला टेंट लावा. दोन दगडांमधल्या दोरीला कोणताच अधिकार नाही. ती गुंडाळून त्यांच्या टेंटपाशी ठेवली तर तुम्ही काही गैर केलं असं होत नाही.

पैसे दिले की प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं, तेही तपासून घ्यायला हवं. पवनेच्या काठी बऱ्याच ठिकाणी खासगी जागेत कॅम्प चालतात, तिथे जागा मालक नेमून देतो आणि वरची चर्चा लागूच होत नाही. भंडारदऱ्याकडे नाक्यावर फाडलेली पावती तुम्हाला आत सोडते, अमुक तुकडा तुमच्या नावे करत नाही. पावती दाखवून दुसऱ्याला उठवता येत नाही.

निघताना शेवटची अडचण येते. रविवारी सकाळी टेंट काढत असताना काठावर नवा ग्रुप वाट बघत उभा असतो आणि तुमचेच ओळखीचे दुपारी येणार असतात. त्यांच्यासाठी ताडपत्री पसरून जाणं हे अडवणंच आहे. समोर उभ्या असलेल्यांना जागा द्यावी. फक्त ती देताना खुंट्यांची भोकं बुजवावीत, आतले दगड जिथून आणले तिथे टाकावेत, चुलीवर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी, आणि गुरं कुठल्या वाटेने उतरतात ते त्यांना सांगून निघावं.