सेन्सेक्स

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा, बीएसईचा, ३० कंपन्यांचा निर्देशांक, म्हणजे त्यांच्या शेअर्सच्या भावांवरून काढलेला एक आकडा. बीएसईवर लिस्टेड कंपन्या हजारोंनी आहेत, पण टीव्हीवर 'बाजार कोसळला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ह्या तीसच शेअर्सकडे बघून म्हणतात. तुमच्याकडचा शेअर त्या दिवशी वर पण असू शकतो.

बीएसई १८७५ सालचं, आणि त्याच्याही आधी दलाल मंडळी टाउन हॉलसमोर, आत्ताच्या हॉर्निमन सर्कलपाशी, वडाखाली जमून सौदे करायची. त्या मानाने सेन्सेक्स कालचं पोर, सुरू झाला जानेवारी १९८६ मध्ये. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष आणि तेव्हाची पातळी १०० धरलेली. नाव अजून नंतरचं, १९८९ मध्ये बाजार विश्लेषक दीपक मोहोनी यांनी 'सेन्सिटिव्ह' आणि 'इंडेक्स' जोडून केलं आणि ते असं चिकटलं की मूळ लांबलचक नाव आता कोणी घेतच नाही.

सुरुवातीची यादी मला तर आकड्यांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते. बॉम्बे डाईंग, सेंच्युरी, प्रीमियर ऑटो (कुर्ल्याची, पद्मिनी टॅक्सीवाली), हिंदुस्थान मोटर्स, सिएट. बँक एकही नाही, सॉफ्टवेअरवाली एकही नाही, इन्फोसिस तर बाजारात आलीच १९९३ मध्ये. आज बघाल तर सगळ्यात जास्त वजन, म्हणजे निर्देशांकातला वाटा, बँकांचं. यादी अधूनमधून बदलतात, मागे पडलेली कंपनी काढून जोरात असलेली घेतात, त्यामुळे १०० पासून आजपर्यंतचा प्रवास त्याच तीस कंपन्यांनी केलाय असं अजिबात नाही.

वजन कसं ठरतं? सप्टेंबर २००३ पासून फ्री फ्लोट पद्धत आहे, म्हणजे प्रवर्तकांकडचे (कंपनी काढणाऱ्या-चालवणाऱ्या मालकांकडचे) शेअर्स सोडून जे खरंच खरेदी-विक्रीला मोकळे आहेत तेवढ्यांचीच किंमत मोजायची. टीसीएसचे ७० टक्क्यांहून जास्त शेअर्स टाटा सन्सकडे, म्हणून एवढी अवाढव्य कंपनी असून सेन्सेक्समध्ये तिचं वजन एचडीएफसी बँकेपेक्षा बरंच कमी, कारण त्या बँकेला प्रवर्तकच नाही. अजून एक, ह्या आकड्यात डिव्हिडंड (कंपनी शेअरधारकांना वाटते तो नफा) धरत नाहीत, त्यासाठी वेगळा टोटल रिटर्न इंडेक्स असतो.

आता पॉइंटचा घोळ. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आल्यावर, सेन्सेक्स ५७० पॉइंट पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, ४,३९० पॉइंट. हेडलाइन अर्थातच दुसऱ्याची मोठी, पण टक्क्यांत पहिली पडझड १२.७७ ची आणि दुसरी ५.७४ ची, म्हणजे निम्म्याहून कमी. पेपरवाले तरी पॉइंटच छापतात, कारण तो आकडा भारदस्त दिसतो.

सेन्सेक्स खूपच हलला तर सर्किट लागतं, म्हणजे बाजारातले व्यवहार थांबवतात, १०, १५ आणि २० टक्क्यांना, आणि फक्त पडताना नाही, वर जाताना पण. १८ मे २००९ ला निवडणूक निकालानंतर वरचं सर्किट लागलं होतं. २३ मार्च २०२० ला, कोरोनाच्या धास्तीने, सकाळीच १० टक्के गेले, पाऊण तास बाजार थांबवला, परत उघडला तर अजून खाली, बंद २५,९८१ ला. पुढच्या वर्षी २१ जानेवारीला तोच सेन्सेक्स ५०,००० ला शिवून आला.