बारा वर्षांत सागवान?

पावसाळा जवळ आला की 'सागवान लावा, बारा वर्षांत कोटी मिळवा' असल्या जाहिराती फोनवर यायला लागतात. टिश्यू कल्चरची, म्हणजे निवडक झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, ठिबक आणि सोबत गुळगुळीत हिशेब. बारा वर्षांत झाड उंच होतं, हे खरंच. पण सुतार ज्याला साग म्हणतो ते लाकूड त्यात कितीसं असतं?

मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत साग आपसूक वाढतो. त्याला डोक्यावर मोकळं ऊन लागतं. दुसऱ्या झाडाच्या सावलीत तो खुरटतो. जमीन खोल आणि निचऱ्याची हवी, कॅल्शियम असेल तर उत्तम. पाणी साचलं की मुळं गुदमरतात, म्हणून भाताच्या खाचरात साग लावू नये. वर्षातले तीन-चार महिने कोरडेही हवेत. त्या दिवसांत तो पानं गाळून वाढ थांबवतो.

आता खरी गंमत, गाभ्याची, म्हणजे खोडाच्या आतल्या तपकिरी लाकडाची. सुतार साग म्हणतो तो यालाच. खोडाचा बाहेरचा फिकट पट्टा म्हणजे रसकाष्ठ, पांढरं लाकूड. त्यातल्या पाणी नेणाऱ्या नळ्या मृतच असतात, पण त्यांच्या शेजारच्या साठवणीच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांत स्टार्च असतो. खोड जाड होतं तसा जुना थर आत आत जातो. मग या पेशी नळीच्या भिंतीतल्या बारीक खळग्यांतून आत फुगतात आणि नळी बुजवतात. याला टायलोसिस म्हणतात. उरलेला स्टार्च मोडून क्विनोन वर्गातली संयुगं तयार होतात, लाकडात मुरतात आणि पेशी मरतात. त्यातलं टेक्टोक्विनोन, म्हणजे २-मिथाइल-अँथ्राक्विनोन, वाळवीला मारक असतं. वाळवी पांढरं लाकूड पोखरते आणि गाभा सोडते ते यामुळे. त्यात सागाचं कसलंही दैवी सत्त्व नाही.

हे सगळं थराथरानं, वर्षानुवर्षं चालतं. कोवळ्या झाडात त्यामुळे पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा. भरभर वाढलेला साग मऊच निघतो, ही समजूतही तितकीशी खरी नाही; अडचण वेगाची कमी आणि वयाची जास्त आहे. टिश्यू कल्चरनं निवडक झाडाचे गुणसूत्रांतले गुण हुबेहूब उतरतात, त्याचं वय उतरत नाही.

जाहिरातवाल्याकडे घेराचे आकडे मागू नका. त्याच्याच मळ्यातल्या बारा वर्षांच्या झाडाचा आडवा काप दाखवायला सांगा आणि तपकिरी भाग पट्टीनं मोजा.