राउटरच्या तक्त्यातली एक ओळ

जुन्या कॉम्प्युटरवर फोटोंचा सर्व्हर बसवला, की घरच्या वायफायवर तो झकास चालतो. मोबाइल डेटावरून तोच पत्ता टाकला, तर पान गोल गोल फिरत राहतं. कारण १९२.१६८.१.५० हा पत्ता घरापुरताच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळे हाच पत्ता असंख्य घरांत सापडेल.

बाहेरच्यांना दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. आतून एखादी विनंती बाहेर गेली, की कोणत्या उपकरणाने कोणाकडे काय मागितलं याची नोंद राउटर तक्त्यात करतो आणि आलेलं उत्तर त्या नोंदीवरून पोचवतो. हेच नॅट. बाहेरून कुणी आपणहून आलं, तर नोंदच नसते; मग ते पॅकेट, म्हणजे माहितीचा तो तुकडा, जातं केरात.

पोर्ट म्हणजे एखाद्या पत्त्यावरचं क्रमांक दिलेलं दार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या तक्त्यात आपण स्वतः लिहिलेली कायमची ओळ: बाहेरून ८४४३ पोर्टवर येईल ते १९२.१६८.१.५० च्या ४४३ वर पाठव. घरातल्या उपकरणांना पत्ते वाटून देण्याच्या राउटरच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात; त्याआधी तिथे रिझर्व्हेशन करून सर्व्हरचा पत्ता पक्का करावा. नाहीतर एखाद्या रीस्टार्टनंतर तो पत्ता टीव्हीला मिळायचा, आणि तुमच्या फोटोंची चौकशी टीव्हीकडे व्हायची! राउटरचा बाहेरचा पत्ताही बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव जोडून देणारी सेवा, लागते.

एवढं करूनही दार उघडत नसेल, तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर इंटरनेट कंपनीने वर आणखी एक नॅट बसवलेलं आहे. हा टप्पा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला गेला. मग आपल्या राउटरमध्ये कितीही ओळी लिहा, उपयोग शून्य. कंपनीकडे पब्लिक पत्ता मागायचा किंवा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरायची.

उघडं पोर्ट कुणाच्या लक्षात येणार, असं मात्र समजू नका. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. एकच मशीन आणि गिगाबिट जोडणी असेल, तर एखाद्या पोर्टसाठी आयपीव्ही४ चे, म्हणजे वरच्यासारख्या चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचे, सगळे सार्वजनिक पत्ते ते पाऊण तासाच्या आत तपासू शकत होतं. म्हणून फोटो, कॅमेरा, रिमोट डेस्कटॉप अशी वेगवेगळी दारं उघडण्यापेक्षा वायरगार्डसारख्या व्हीपीएनसाठी (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या कुलूपबंद वाटेसाठी) एकच यूडीपी प्रकारचं पोर्ट उघडावं, हे माझं मत. योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. तपासणाऱ्याला तिथे कुणी आहे याचा पत्ताही लागत नाही.